विमानाचे वय उड्डाणांत मोजा

सांगलीतल्या आमच्या मित्रमंडळात सध्या एकच मागणी जोर धरून आहे: 15 वर्षांवरील सरकारी वाहने 2023 पासून भंगारात काढतात, मग तोच नियम विमानांनाही लावावा. कॅनडातल्या विनिपेगच्या हँगरमध्ये विमानांचे पत्रे तपासणे हे माझे रोजचे काम असल्याने मी सविस्तर विरोध केला, तर ‘तिकडे बसून तुला इथले काय कळणार’ असे उत्तर आले.

विमानाचा सांगाडा मुख्यतः उड्डाणांनी आणि गंजाने झिजतो. उंचीवर केबिनमध्ये हवेचा दाब राखावा लागत असल्याने प्रत्येक उड्डाणात तो किंचित फुगतो, उतरताना पूर्ववत होतो आणि या ताणाने रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, छिद्रांच्या कडेने सूक्ष्म तडे सुरू होतात. 1988 मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या 19 वर्षांच्या बोइंग 737 चे छत हवेतच उडाले, तेव्हा त्याची उड्डाणे 89,680 झाली होती आणि तास अवघे 35,496. म्हणजे हवाई बेटांच्या खाऱ्या हवेत सरासरी 24 मिनिटांच्या फेऱ्या. माझे मित्र त्यातले 19 तेवढे उचलतात. मग 1954 मध्ये हवेत फुटलेल्या कॉमेट या ब्रिटिश प्रवासी विमानांचे काय? ती पाच वर्षांचीही नव्हती. जपान एअरलाइन्सचे जे 747 विमान 1985 मध्ये कोसळून 520 माणसे गेली, तेही 15 वर्षांच्या आतले होते. 1978 मध्ये त्याच्या मागच्या दाबभिंतीची, म्हणजे केबिनमधला दाब अडवून धरणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती चुकीची झाली होती. याउलट इथे उत्तरेकडे चाळिशी ओलांडलेली 737-200 विमाने खडीच्या धावपट्टीवर आजही उतरतात, कारण त्यांचा प्रत्येक जोड ठरल्या वेळी उघडून पाहिला जातो.

ही शिस्त मला कॅनडाने शिकवलेली नाही. वडील साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की मिल उघडायची, रोलर तपासायचे, झिजलेले तेवढे बदलायचे, हे मी त्यांच्याकडेच पाहिले. जुन्या यंत्राची अशी निगा राखणाऱ्या जिल्ह्यानेच वय पाहून भंगाराची भाषा करावी, याचा मला राग येतो. त्याहून अधिक लागते ते ‘तिकडे बसून’, कारण हँगरमध्ये माझ्या कामाची तारीफ होते तेव्हा मी सांगलीचेच नाव सांगतो. मंडळाला मागणी करायचीच असेल, तर प्रत्येक विमानाची उड्डाणसंख्या आणि दुरुस्तीची नोंद प्रवाशांसाठी खुली करा, अशी करावी. त्या अर्जावर मला सही करू द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.