ऑस्पिशस

आतेबहिणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं इंग्रजी पान माझ्या गळ्यात पडलं. मुलाकडचे बेंगळुरूचे, त्यांना मराठी वाचता येत नाही आणि आमच्या खानदानात इंग्रजी पेपर घेणारा मी एकटाच. (रद्दीला भाव बरा येतो म्हणून घेतो, पण ते असो.) रिक्षात बसल्या बसल्या मजकूर टाइप करून ग्रुपवर टाकला. प्रूफ पंधरा जणांनी तपासलं. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं यावर दोन दिवस काथ्याकूट झाला, इंग्रजीकडे कुणी फिरकलं नाही. तीनशे पत्रिका छापून आल्या आणि व्याह्यांचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना?"

माझ्या 'ऑस्पिशस'चं, म्हणजे 'शुभ'चं, फोनने परस्पर 'सस्पिशस' केलं होतं. संशयास्पद प्रसंगी सहकुटुंब येण्याचे करावे!

अब्रू वाचवायला शब्दकोश उघडला, तर दोन्ही शब्द भाऊबंदच निघाले. लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं, 'आविस' म्हणजे पक्षी. पक्षी पाहून पुढचं सांगणारा तो ऑस्पेक्स. त्याचा कौल मिळाला की काम ऑस्पिशस. 'सस्पिशस'मध्येही पाहणंच आहे, फक्त खालून, तिरक्या नजरेनं.

"आपल्यातही तेच," मी शकूआत्याला म्हणालो. "शकुन म्हणजे संस्कृतात मुळात पक्षी. तुझं नावही त्यातलंच. शकुंतांनी, म्हणजे पाखरांनी सांभाळली ती शकुंतला."

आत्याचा चेहरा हलला नाही. मग मी कोंबड्या काढल्या. रोमन लोक लढाईला जाताना जहाजावर कोंबड्या नेत. त्यांनी दाणे अधाशासारखे टिपले की शकुन चांगला. इ. स. पू. २४९ मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाजवळ त्या दाण्यांना चोच लावेनात. सेनापती क्लॉडियस पुल्खर वैतागला. "खात नाहीत ना, मग पिऊ देत," म्हणत त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या आणि कार्थेजच्या आरमाराकडून सपाटून मार खाल्ला. वर रोमला परतल्यावर दंड झाला तो वेगळाच.

"हं. मग दंड तूही भर," आत्या म्हणाली आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

गॅलरीत बसून शंभरेक चिकटवल्या असतील, तोच कठड्यावर कबुतर येऊन बसलं. आत्याने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याला विचारून घे," ती म्हणाली, "आणि मगच डिंक लाव."