चार सेकंदांची बचत

कॉम्प्युटर वापरणारा मी एकटा. टेबल माझं, खुर्ची माझी, तरी रोज सकाळी तो मला ओळख विचारतो. माझा पासवर्ड जरा लांबलचक आहे, टाइप करायला चार सेकंद जातात. ते चार सेकंद वाचवावेत, असं एका रविवारी सकाळी माझ्या डोक्यात आलं. डोक्यातून गेलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

भाचीला फोन लावला.

"मामा, सोप्पंय. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, नेटप्लविझ लिहा, वर एक टिक केलेली चौकट दिसेल. टिक काढा. झालं!"

तो शब्द तीनदा स्पेलिंग विचारून लिहिला. खिडकी उघडली. युजरची यादी होती, बटणं होती, चौकट तेवढी नव्हती. चष्मा पुसून पाहिलं, तरी नव्हती.

"अरे हो, आता ती लपवलेली असते."

"मग दिसणार कशी?"

"रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे जाऊन, एक आकडा बदलावा लागतो. पण जपून हं, तिथे भलतंच काही बदललंत तर मशीन सुरूच व्हायचं नाही."

म्हणजे लपलेली सेटिंग दाखवणारी सेटिंगही लपलेली, आणि तिच्या वाटेवर भुताटकीची पाटी. रजिस्ट्री उघडायला रेजएडिट लिहिलं. या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का, असं मशीनने विचारलं. अ‍ॅपबद्दल त्याला शंका होती; माझ्याबद्दल यायला हवी होती.

रजिस्ट्री म्हणजे फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. उतरत उतरत 'पासवर्डलेस' आणि त्यातल्या 'डिव्हाइस'पर्यंत पोचलो. तिथल्या 2चा 0 करायचा होता, बस्स. तेवढं करून मुकाट्याने वर आलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण तोवर मी इंटरनेटवर वाचलं होतं, की शेजारच्याच 'विनलॉगऑन'मध्ये नाव आणि पासवर्ड लिहून ठेवले तर चौकटीची गरजच नाही. एवढं आत आलोच आहोत तर, म्हटलं, हेही करून टाकू. (माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे 'आलोच आहोत तर'पासून सुरू होतात.)

ऑटोअ‍ॅडमिनलॉगऑन नावाची नोंद करून तिच्यात 1 टाकायचा. नोंद कोणत्या जातीची, हे मशीन विचारतं: स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), बायनरी, डीवर्ड (म्हणजे आकडा). एक हा आकडा, आणि डीवर्ड वजनदार वाटला, म्हणून तो निवडला. रीस्टार्ट. पासवर्ड विचारला. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा विचारला. दुपारचं जेवण कीबोर्डशेजारीच झालं. चार वाजता कळलं, की तो 1 आकडा नव्हेच, स्ट्रिंग आहे. तशी नोंद केली, आणि मशीन अवाक्षर न काढता थेट डेस्कटॉपवर आलं. गंगेत घोडं न्हालं!

पुढच्या रविवारी भाची आली. मामाने केलंय तरी काय, म्हणून तिने विनलॉगऑन उघडलं. घरातले सगळे तिथेच बसलेले.

"मामा, इथे डिफॉल्टपासवर्डसमोर हे 'उद्यापासूनव्यायाम1' काय आहे?"

तिथे पासवर्ड साध्या अक्षरांत राहतो, उघडणाऱ्या कोणालाही वाचता येईल असा, हे मला ठाऊक नव्हतं. बायको काही बोलली नाही, फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं. भाचीने समजूत घातली, की पासवर्डची प्रथा पाडणाऱ्यांत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचं सीटीएसएस होतं, एकच कॉम्प्युटर अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी 1960च्या दशकातली व्यवस्था. तिथेही एकदा फायलींची अदलाबदल होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसली होती. त्या यादीत व्यायामाचे संकल्प किती होते, ते काही तिला सांगता येईना.

मी तातडीने पासवर्ड बदलला. रजिस्ट्रीत मात्र जुनाच राहिलाय आणि तिथे पुन्हा उतरायची माझी छाती नाही. त्यामुळे आता मशीन रोज आपणहून जुना पासवर्ड टाकतं, तो चुकीचा असल्याचं मलाच सुनावतं, मी ओके दाबतो आणि नवा टाइप करतो. नऊ सेकंद लागतात.