‘ज्यूंचा इतिहास आपल्याला कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यूंचा छळ हा एका माथेफिरूचा उद्योग होता, ते जिथे गेले तिथून हाकलले गेले, म्हणजे दोष त्यांचाही असणार, हा इतिहास शिकवणं म्हणजे इस्राएलची वकिली, आणि हे सगळं घडलं दूर युरोपात, मग ते आपल्या पोरांच्या माथी कशाला?

पहिला मुद्दा, माथेफिरूचा. साठ लाख ज्यू एकट्या हिटलरला मारता येत नाहीत. जर्मन रेल्वेचंच बघा. मृत्यूछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांचं भाडं ती रीतसर लावत असे, तिसऱ्या वर्गाचं आणि एकेरी. ४ वर्षांखालची मुलं फुकट, १० वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, ४०० माणसं भरली की गटाची सवलत. ही माणसं कोंबली जात मालडब्यांत. तो हिशेब मांडणारे कारकून चांगले शुद्धीवर होते. त्याआधीही सगळं कागदोपत्रीच झालं. १९३३ मध्ये ज्यूंच्या सरकारी नोकऱ्या गेल्या, १९३५ मध्ये नागरिकत्वाचे हक्क गेले, १९३८ मध्ये पासपोर्टवर ज्यू असल्याची खूण म्हणून लाल ‘जे’ उमटला. दर वेळी कुणीतरी सही केली, कुणीतरी शिक्का मारला. मुलांना या पायऱ्या कळायला हव्यात. हिटलरचा फोटो दाखवून तेवढ्यावर भागत नाही. ‘आपल्यालाही एक हिटलर हवा’ असं चारचौघांत बिनदिक्कत म्हणणारे आपल्याकडे आहेत, तोवर तर नाहीच नाही.

‘जिथे गेले तिथून हाकलले.’ १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. आरोप काय, तर विहिरींत विष कालवून प्लेग पसरवला. प्लेग तेव्हा त्या शहरात पोचलाही नव्हता! आता आपलं कोकण घ्या. रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. त्यांना कुणी हाकललं नाही. दोष ज्यूंच्या अंगातच असता, तर तो अलिबागकरांनाही दिसला असता.

राहिली इस्राएलची वकिली. गाझाबद्दल हवं तितकं कठोर बोला. सरकारच्या करणीचा जाब त्या सरकारला विचारायचा असतो, स्ट्रासबर्गला जळालेल्यांना नव्हे.

आणि ‘दूर युरोपात’? हे तर साफ चूक आहे. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं, पोर्तुगालने पाच वर्षांनी सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशाच एका घरातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळलं. १५८० मध्ये त्याचीही हाडं थडग्यातून उकरून जाळली. हे करणारं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्या ख्रिस्त्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये गोव्यात आलं. त्याची नजर सुरुवातीला मुख्यतः ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांवर होती. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. पुढे त्याच्या कचाट्यात सापडले ते बहुतेक ज्यू नव्हते. धर्मांतरानंतरही घरात जुन्या चालीरीती पाळतात, या आरोपाखाली धरलेले ते इथलेच गावकरी होते.