‘देवाला आवडला’ म्हणू नका

आज सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर स्नेहमेळाव्याचं फ्लेक्स येऊन पडलं. वर गणपती, मध्ये शाळा आणि खाली कोपऱ्यात बारक्याचा हार घातलेला फोटो. त्याखाली ‘चांगली माणसं देवाला लवकर आवडतात’. आणि मग हात जोडलेल्या इमोजींची ही रांग! डोकं फिरलं, म्हणून इथं लिहितोय.

बारक्या देवाला आवडला नव्हता. बारक्याला मण्यार चावली होती.

ग्रुपाबाहेरच्यांसाठी सांगतो. तासगावच्या पूर्वेला आमची गावं. मी गावठाणातला, तो मळ्यातल्या वस्तीवरचा. शाळेची एसटी आधी त्याच्या फाट्यावर थांबायची, मग माझ्या गावात. माझ्या गावात येईपर्यंत गाडी खच्चून भरलेली. पण बारक्यानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलेला असायचा. दुधाच्या किटल्या घेतलेले बाप्ये, पाटीवाल्या बाया, कंडक्टर, सगळ्यांशी तो चिमणीएवढा पोरगा भांडायचा. “हितं माणूस हाय.” त्या वयात मला माणूस म्हणणारा तो एकटाच.

नववीत, पावसाळ्यात, तो जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. मण्यारीचे दात इतके बारीक की चावल्याचं कळतही नाही बऱ्याचदा. सूज नाही, रक्त नाही, डागही सापडत नाही. मध्यरात्री पोटात कळ आली म्हणून उठला. आईनं ओवा दिला. उलटी झाली. मग पापण्या पडायला लागल्या, बोलणं जड झालं. घरच्यांना वाटलं, झोपेत आहे. नंतर कुणीतरी म्हणालं बाहेरचं काहीतरी असेल, म्हणून देवऋषाकडं नेलं. तिथं लिंबाचा पाला, अंगारा, उतारा. तांबडं फुटलं तेव्हा जीप मिळाली. मिरजेच्या वाटेवर श्वास थांबला.

यात देव कुठं आला, सांगा मला.

मण्यारीचं विष नसांवर जातं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस शेवटपर्यंत ऐकत असतो, फक्त हलता येत नाही. वेळेत लस मिळाली आणि मशीननं श्वास चालू ठेवला, तर असा माणूस उठून घरी येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस, सरकारी दवाखान्यात फुकट. देशात दरवर्षी 50,000 च्या आसपास माणसं सापानं मरतात, बहुतेक आपल्यासारख्या खेड्यातलीच. एवढी सगळी देवाला आवडतात होय?

आणि आपला जिल्हा कुठला? बत्तीस शिराळ्याचा! नागपंचमीचं कौतुक आपल्याइतकं कुणाला असेल? जिवंत नागांची मिरवणूक कोर्टानं बंद केली तर आपल्याच लोकांनी केवढा गळा काढला. तो नाग निदान फणा काढून सांगतो तरी. काळ्या अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांची ही मुकी मण्यार किती जणांना ओळखता येते, हे विचारा एकदा ग्रुपवर.

बरं, मान्य. त्याच्या घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. तेव्हा वस्तीला धड रस्ता नव्हता, अख्ख्या मळ्यात फोन नव्हता. देवऋषीही काही राक्षस नव्हता, त्याच्याकडून बरे झालेले लोक खरंच होते. का बरे झाले? कारण बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. नाव मात्र अंगाऱ्याचं होतं.

पण आज? आज खिशात फोन आहे, 108 ला गाडी येते. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्याच भावकीत एकाच्या पायावर आधी ब्लेड मारलं, दोरी करकचून बांधली, मग दवाखाना आठवला. वाचला, त्याचं नशीब. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, पैंजण-अंगठी काढायची आणि थेट दवाखाना. यापलीकडं हुशारी नको.

बारक्या गेला त्या सकाळी एसटी आली, त्याच्या जागेवर एक किटलीवाला बसला होता. कुणी त्याच्याशी भांडलं नाही. मला अजूनही एसटीत खिडकीशेजारची सीट रिकामी दिसली की आधी रुमाल शोधतो. हे लिहिताना राग जरा उतरलाय. ज्यानं फ्लेक्स केलं तो माझाच मित्र आहे, मनानं चांगला आहे, त्यानं रात्र जागून केलंय ते. पण तेवढी ओळ काढ, भावा.

आणि स्टेज, फेटे, ढोल यांच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा. वस्त्यांवर अजून पोरं खालीच झोपतात. मच्छरदाणी गादीखाली नीट खोवली तर मण्यार आत येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. पहिल्या पन्नास मच्छरदाण्या माझ्याकडून. सर्पमित्राला शाळेत बोलवायचं कामही मी करतो. बारक्याच्या आईला मेळाव्याला बोलवायचं का, ते तिला विचारून ठरवू. फोन मी करतो, ग्रुपवर परस्पर काही टाकू नका.

ज्यांना पटलं त्यांनी फोन करा. हात जोडलेले इमोजी नकोत.