बहिऱ्या माणसाचं भलं कसं करावं

ओळखीत कोणी कमी ऐकणारं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. सल्ला द्यायला इतकं सोयीचं माणूस दुसरं मिळणार नाही. निम्मं त्याला ऐकूच जात नाही, त्यामुळे उलट उत्तराची भीती नाही.

सुरुवात स्टेम सेलपासून करा, म्हणजे ज्यांतून दुसऱ्या पेशी घडवता येतात त्या मूळपेशींपासून. ‘आता कानाचं मशीन फेकून दे, स्टेम सेलने कान नवा होतो’ असा फॉरवर्ड मला, म्हणजे एका बहिऱ्याला, परवाच आला. खाली ‘अभिनंदन!’ हेही होतं. तुम्हीही मथळा वाचा आणि पुढे ढकला. बातमी उघडलीत तर पंचाईत होईल, कारण आत जर्बिल निघेल. जर्बिल म्हणजे उंदराचा भाऊबंद. २०१२ साली शेफील्ड विद्यापीठात मार्सेलो रिवोल्टा यांच्या गटाने मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून चेतापेशी घडवल्या आणि मुद्दाम बहिऱ्या केलेल्या जर्बिलांच्या कानात सोडल्या. त्यांचं ऐकणं सरासरी ४६ टक्के सुधारलं. फार सुंदर काम! पण तिथे दुरुस्त झाली ती कानातून मेंदूकडे जाणारी नस. माझ्या मेल्यात त्या कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केशपेशी. त्या एका कानात सुमारे १५,००० असतात आणि एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, हे १९८८ पासून माहीत आहे. मी कोंबडी नाही, हा माझाच दोष! कानातल्याच पेशींना जागं करून केशपेशी उगवायला लावणारं एफएक्स-३२२ हे औषधही २०२३ साली चाचणीत खोट्या इंजेक्शनाच्या पुढे गेलं नाही. तो फॉरवर्ड कुणी का नाही पाठवला हो?

शिरेतून स्टेम सेल टोचणाऱ्या दवाखान्याची जाहिरात जरूर पाठवा. पैसे त्याचे जाणार आहेत.

बोलताना तोंडावर हात ठेवा.

त्याने ‘काय?’ विचारलं की ‘काही नाही, जाऊ दे’ म्हणा.

मशीन लावूनही नीट ऐकू येत नाही म्हणाला, तर ‘लक्ष देत नाहीस तू’ हे ठेवणीतलं वाक्य आहेच.

बास. संशोधन चालू आहे, चालू दे. मीच सगळ्यात जास्त वाट बघतोय. पण ते येईपर्यंत मी याच कानांनी जगणार आहे, आणि माझ्याशी बोलताना आवाज नुसता चढवण्यापलीकडे काही करायची तुमची तयारी नाही. कोपऱ्यातून ओरडता कशाला? समोर या, उजेडात उभे राहा, एका वेळी एकाने बोला. आणि कळलं नाही म्हटलं की तेच वाक्य पुन्हा सांगा, पूर्ण, न चिडता. एवढंही जमत नसेल तर माझ्या मशीनबद्दल एक अक्षर बोलू नका.