व्यवहार हवाच, पण केवळ सेनापतींशी का?
सीमेच्या सुरक्षेसाठी म्यानमारच्या लष्करी राजवटीशी जुळवून घेण्यावाचून भारताला गत्यंतर नाही, हे म्यानमारविषयीच्या लेखातील लेखकाचे म्हणणे मला अर्धेच पटते. 1643 किलोमीटरची सामाईक सीमा नाकारता येत नाही आणि व्यापारही तोडता येत नाही. आमच्या कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात, पोत्यातला तिकडचा उडीद मी स्वतः ओंजळीत घेऊन पाहिला आहे. परंतु 1 फेब्रुवारी 2021 रोजी, म्हणजे नवनिर्वाचित संसद भरायची त्याच दिवशी, ज्या सेनापतींनी सत्ता बळकावली, त्यांच्या हाती पुढे सगळा देशही राहिला नाही. म्यानमारमधून ईशान्य भारतात माल नेण्यासाठी आखलेला आपला कलादान मार्ग ज्या पलेतवावरून मिझोरामकडे वळतो, ते गाव जानेवारी 2024 मध्ये लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मी या सशस्त्र बंडखोर गटाने घेतले. मग एकट्या राजधानीशी बोलून आपण नेमके काय सुरक्षित करतो? 1988 च्या उठावानंतर तिथून निसटलेल्या विद्यार्थ्यांना याच भारताने आसरा दिला होता, हे विसरल्याचे मला मनापासून वाईट वाटते. लोकशाहीवादी गटांशी उघड संवाद ठेवावा आणि मिझोराममध्ये आलेल्या निर्वासितांना बळजबरीने परत धाडू नये, एवढी मागणी तरी आपण नागरिकांनी दिल्लीकडे लावून धरली पाहिजे.