गोळी मिळणार नाही, दादा

‘मेडिकल-फार्मसीच्या मुलांना टॉपर बनवणारे पाच मंत्र’ हा मेसेज एव्हाना कोल्हापुरातल्या निम्म्या फॅमिली ग्रुपवर फिरून झाला असेल. मंत्र असे: चार तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका, प्रत्येक धडा दहा वेळा वाचून घ्या, मार्क कमी पडले की चारचौघांत बोला, म्हणजे मूल पेटून उठतं, परीक्षेच्या महिन्यात ‘परदेशातले हुशार विद्यार्थी घेतात ती’ मोडाफिनिल द्या, आणि मोबाईल कपाटात ठेवा. खाली ‘एक प्रसिद्ध डॉक्टर’ एवढंच. नाव नाही, गाव नाही.

असले फॉरवर्ड मी उघडतही नाही. पण आमच्या दादाने हा ग्रुपवर टाकला आणि पाठोपाठ फोन: “तुझ्या मेडिकलमध्ये असंल की ती गोळी. येताना एक स्ट्रिप आण.” पुतणी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणून आधी गोळीचंच बोलतो.

मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीचं औषध. दिवसाढवळ्या अनावर झोप येते, अशा आजाराचं. शिफ्टच्या कामामुळे झोप बिघडलेल्यांनाही डॉक्टर ते देतात. शेड्यूल एचमध्ये आहे. म्हणजे स्ट्रिपवरच लिहिलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. दादा, भाऊ म्हणून मी तुला उधारीवर काहीही देईन, हे नाही. या औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी दहाच्या पेपरला निम्मी तरी अंगात असणार. पोरगी तळमळत रात्र काढणार, डोकं ठणकणार, छातीत धडधड. क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची रिअ‍ॅक्शन येते, त्यात अंगावरची कातडी सोलवटून निघते. क्वचितच, कबूल. पण पाच-दहा मार्कांसाठी तो जुगार आपल्या घरात कुणी खेळायचा? गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही हे औषध कमी करतं, तेही त्या प्रसिद्ध डॉक्टरांना सांगावंसं वाटलं नाही. जाग येते हे खरं आहे. जागं राहून वाचलेलं डोक्यात टिकतं, असं त्या स्ट्रिपवर कुठं लिहिलेलं नाही.

टिकवायचं काम झोपेत होतं. त्यामुळे चार तासांचा मंत्र तिथंच निकालात निघतो. शंका असेल तर रात्रभर ड्युटी केलेल्या कुठल्याही इंटर्नला सकाळी डोसचं गणित घालून बघा.

आता दहा वेळा वाचायचं. इथं अर्धं खरं आहे, म्हणून लोक फसतात. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग छापला. काहींना एकच उतारा चार बैठकांत वाचायला दिला. काहींनी एकाच बैठकीत वाचला आणि मग तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के, लिहिणारे ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर घसरले, लिहिणारे ६१ वर होते. गंमत म्हणजे ‘आपल्या चांगलं लक्षात राहील’ हा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! पुढे २००९ मध्ये निवासी डॉक्टरांवर तसाच प्रयोग झाला. सहा महिन्यांनी, पुन्हा पुन्हा परीक्षा दिलेल्या विषयात ३९ टक्के, नुसत्या नोट्स चाळलेल्यात २६.

पुतणीला मी एवढंच करायला लावलं. डाययुरेटिक्सचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधांचा, धडा मिटायचा, कोऱ्या कागदावर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी बारीक नळी, काढायचा आणि कुठलं औषध कुठं काम करतं ते भरायचं. हेन्लेच्या लूपवर फुरोसेमाइड बरोबर आलं. थायाझाइड मात्र तिने कलेक्टिंग डक्टवर नेऊन ठेवलं आणि पोटॅशियम वाढतं म्हणाली. धडा तिने पाच-सहा वेळा वाचला होता, निम्मं पान पिवळ्या मार्करने रंगवलेलं. थायाझाइडने पोटॅशियम कमी होतं, वाढतं ते स्पायरोनोलॅक्टोनने. पुस्तक उघडून तिने स्वतःच शोधलं. आता ती ते विसरायची नाही.

चारचौघांत बोलण्याबद्दल काय लिहू! शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात बोर्डिंगं काढली. पोरांना डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी दिली, आणि पोरं शिकली. आपण त्याच गावात पाहुण्यांसमोर मार्कशीट वाचून दाखवतो. त्याने मूल पेटत नाही, सेशनलचे, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेचे, मार्क लपवायला शिकतं. बी.फार्मला थिअरीच्या १०० पैकी २५ मार्क कॉलेजच्या हातात, त्यातले १५ सेशनलचे. आणि सेशनल सुधारायची एक संधी नियमातच आहे. घरी वेळेत कळलं तर ती साधता येते. एमबीबीएसचं पहिलं वर्ष पास व्हायला तर एकूण चारच संधी. तिथं लपवालपवी किती महाग पडते ते आईबापांनीच ठरवावं.

राहिला मोबाईल. हा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. फक्त हिसकावून कपाटात कोंडू नका. जुने पेपर आणि मैत्रिणींच्या नोट्स त्यातच असतात. तास-दीड तास दुसऱ्या खोलीत ठेवला तरी भागतं.